मासेमारी बोटीच्या प्रतिकृतीसाठी रेलिंग, नांगर, विंच आणि टायर: घरच्या घरी, कमी खर्चात

१ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी खाडीत नाहीतर वाळूवर विसावतात, त्यांच्यावर ताडपत्री चढते, डागडुजी आणि रंगकाम निघतं. प्रतिकृती करणाऱ्याचा हाच खरा हंगाम. एरवी धक्क्यावर बर्फ, टोपल्या आणि लिलावाची घाई असते, तिथे टेप घेऊन कोणी मधे उभं राहिलं तर त्यांची खोटी होते. पण या दिवसांत रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, हर्णैला किंवा मुंबईत ससून डॉकला जाऊन तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, नीट विचारलंत, तर तो बोटीवर चढू देतोच, वर कुठली वस्तू कशासाठी आहे तेही सांगतो.

बोटीचं अंग प्लायवूडच्या पट्ट्यांतून उभं करणं वेळखाऊ असलं तरी अवघड नाही. अडतं ते पुढे. रेलिंग, नांगर, कप्प्या, विंच (जाळ्याचा दोर ओढून गुंडाळायचं यंत्र), टायर, दिवे, दोर हे सगळं चढेपर्यंत ती बोट नसते, लाकडी खोका असतो. हे भाग तयार विकत मिळतात, पण बहुतेक परदेशातून मागवावे लागतात आणि त्यांचं बिल बोटीच्या लाकडापेक्षा मोठं होतं. पैसे असले तरी एक अडचण उरतेच. ते भाग परक्या बोटींचे असतात. आपल्या ट्रॉलरच्या (जाळं ओढत नेणाऱ्या बोटीच्या) कडेला लटकणारी जुनी टायरं, चार नख्यांचा लोखंडी नांगर, निळा-हिरवा दोर हे कुठल्याही तयार संचात नसतं. म्हणून हे घरी करणं ही नुसती काटकसर नाही. आपली बोट आपल्या बोटीसारखी दिसायची असेल तर दुसरा मार्गच नाही.

या लेखात मी सुमारे १४ मीटर लांबीचा कोकणी ट्रॉलर धरला आहे आणि प्रमाण १:२०, म्हणजे प्रतिकृती ७० सेंमीची. हे प्रमाण मी हिशोबासाठी निवडतो. खऱ्या वस्तूचं माप सेंटिमीटरमध्ये घ्या, निम्मं करा आणि तो आकडा मिलिमीटरमध्ये वाचा. ९० सेंमीचं रेलिंग ४५ मिमी झालं. २० सेंमीचा जाळ्याचा बोया, म्हणजे तरंगता गोळा, १० मिमी. १:५० ला काम करत असाल तर सेंटिमीटरला ५ ने भागा.

आधी माप, मग भंगार

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. घरात एखादी छान वस्तू दिसते, बाटलीचं बूच, पेनाचं टोपण, आणि वाटतं हे बोटीवर कुठेतरी शोभेल. उलट दिशेने काम करा. धक्क्यावर जाताना ५ मीटरचा टेप, वही आणि पेन्सिल घ्या. फोटो काढण्याआधी परवानगी विचारा, बंदरांच्या काही भागांत मनाई असते. फोटो काढताना वस्तूशेजारी उघडा टेप किंवा फूटपट्टी धरा, म्हणजे राहिलेलं माप नंतर फोटोवरून काढता येतं. पाइपची जाडी, रेलिंगची उंची, दोन खांबांमधलं अंतर, विंचच्या ड्रमचा व्यास, नांगराची लांबी, टायर कितव्या अंतरावर टांगलेत, दोर किती जाड आहे, एवढं लिहून आणा. घरी येऊन प्रत्येक मापापुढे निम्मा आकडा मिलिमीटरमध्ये लिहा. मग ती वही आणि एक साधा व्हर्नियर कॅलिपर घेऊन घरातला खण उघडा.

त्यानंतर जे दिसतं ते वेगळंच असतं. पाऊण इंची जीआय पाइपची बाहेरची जाडी साधारण २७ मिमी असते, म्हणजे प्रतिकृतीत १.३५ मिमी. घरातल्या वायरिंगची दीड स्क्वेअर मिमीची एकसंध तांब्याची तार १.३८ मिमी जाड असते. खरं रेलिंग पाऊण इंची पाइपचं असेल तर तुमचं रेलिंग इलेक्ट्रिशियनने टाकून दिलेल्या तुकड्यात पडलेलं आहे. सायकलचा आरा २ मिमीचा, म्हणजे ४ सेंमीचा पाइप. शिलाई मशीनची बॉबिन सुमारे २० मिमी व्यासाची, म्हणजे ४० सेंमीचा विंचचा ड्रम. शर्टाच्या कॉलरचं बटण साधारण ९ मिमी, म्हणजे १८ सेंमीचं कप्पीचं चाक. मुदत संपलेलं एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, ती झाली दीड सेंमीची लाकडी फळी. नव्या सिमकार्डाची चौकटही बहुधा तेवढ्याच जाडीची.

काय चिकटतं, काय नाही

हे लवकर सांगून टाकतो, कारण यात दिवस वाया जातात. प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो. २, ४ आणि ५ आकड्यांचं प्लॅस्टिक नेहमीच्या कुठल्याच गोंदाने धड चिकटत नाही आणि त्यावर रंगही टिकत नाही, पापुद्रा निघतो. दुधाच्या पिशव्या, बाटल्यांची बुचं, बरेचसे जेवणाचे डबे आणि बॉलपेनच्या प्लॅस्टिक रिफिली यातल्याच. रिफिल नळीसारखी दिसते म्हणून मोह होतो, पण ती वापरायची तर फक्त आत दडणाऱ्या जागी. ३ म्हणजे पीव्हीसी. बँकेची कार्डं याच जातीची, आणि प्लंबर वापरतो ते पीव्हीसी सोल्युशन त्यांना वितळवून एकजीव करतं. ब्रशने लावू नका, टूथपिकच्या टोकावर थेंब घ्या. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, तेही चांगलं चिकटतं आणि सहज कापलं जातं.

लाकूड आणि बांबूला फेविकॉल. धातू आणि मिश्र सांध्यांना फेविक्विक, आणि जिथे सांधा भरीव हवा तिथे एक युक्ती आहे. सांध्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा टाका आणि वर फेविक्विकचा एक थेंब सोडा. क्षणात दगडासारखं घट्ट होतं, कानसता येतं, भोक पाडता येतं. मात्र तिथे चांगली उष्णता आणि डोळ्यांत जाणारी वाफ निघते, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि तोंड लांब ठेवा.

रेलिंग

तांब्याची तार वेटोळ्यातून निघाल्यावर वाकडी असते. हाताने सरळ करू गेलात तर बारीक लाटा राहतात आणि रंग दिल्यावर त्याच आधी दिसतात. अर्धा मीटर तुकडा घ्या, एक टोक शिकंजात पकडा, दुसरं पक्कडीत धरून एकदा सावकाश पण जोरात ओढा. तार किंचित ताणल्याचं हाताला कळतं, सोडल्यावर ती बाणासारखी सरळ असते आणि आधीपेक्षा कडकही झालेली असते. तांबं ताणल्यावर कडक होतं, आपल्याला तेच हवं. शिकंजा नसेल तर दाराच्या कडीला बांधा आणि डोळ्यांवर चष्मा घाला.

आता उंची. खऱ्या रेलिंगची उंची ९० सेंमी, म्हणून ४५ मिमी, शिवाय डेकमध्ये रुतायला ८ मिमी. प्रत्येक खांब ५३ मिमीचा. सगळे सारखे कापण्यासाठी लाकडाच्या ठोकळ्याला ५३ मिमी खोलीचं भोक पाडा, तार त्यात शेवटपर्यंत घाला आणि ठोकळ्याच्या पृष्ठभागाशी टेकवून कापा. मोजून कापलेले वीस तुकडे कधीच सारखे होत नाहीत, साच्यातून कापलेले होतात. डोळा एका खांबाची उंची पकडत नाही, पण रांगेतला एक खांब अर्धा मिमी बुटका असेल तर तो लांबूनही खटकतो.

जुळणीसाठी जुन्या प्लायच्या तुकड्यावर रेलिंगचं पूर्ण मापाचं चित्र काढा. खांब ६० मिमी अंतरावर, म्हणजे खऱ्या बोटीवर १.२ मीटर. आडव्या तारा जिथे येतात तिथे रेषा. रेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक खिळे मारून तारा जागच्या जागी धरून ठेवा. सांध्याची जागा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत घासा, थोडं फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावा, सोल्डरिंग आयर्न आधी तारेला टेकवा आणि तार तापली की सोल्डर सांध्याला लावा, आयर्नच्या टोकाला नव्हे. सोल्डर पाण्यासारखं आत ओढलं गेलं तर सांधा लागला. गोळी होऊन बसलं तर तार तापली नव्हती किंवा घासली नव्हती. शेजारचा सांधा उष्णतेने सुटू नये म्हणून त्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवा. २५ ते ३५ वॅटचं आयर्न पुरतं. सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं, काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे आणि जेवणाच्या टेबलावर हे काम करायचं नाही.

डेकमधली भोकं रेलिंग समोर धरून अंदाजाने पाडू नका. त्याच चित्रावर जाड कागदाची पट्टी ठेवून खांबांच्या जागी सुईने टोचा, पट्टी डेकच्या कडेने वळवून बसवा आणि त्या खुणांवर दीड मिमीचं ड्रिल चालवा. रेलिंग तयार ठेवा, पण बोटीवर आत्ता लावू नका.

नांगर

कोकणातल्या बोटींवर चार नख्यांचा लोखंडी नांगर सर्रास दिसतो. १ मीटरचा नांगर ५० मिमीचा होतो. अडीच स्क्वेअर मिमीची तार १.७८ मिमी जाड असते, ती दांड्याला आणि नख्यांनाही चालते.

४४ मिमीचे दोन तुकडे घ्या. प्रत्येकाची दोन्ही टोकं ऐरणीवर किंवा जुन्या वरवंट्यावर हलक्या हातोड्याने चपटी करा, मग कानसून टोकदार करा. तुकडे सरळ असतानाच हे करायचं, वाकवल्यावर हातोडी बसत नाही. मग दोन्ही तुकडे पेनाच्या टोपणाभोवती कमानीसारखे वाकवा, मधोमध एकमेकांवर काटकोनात ठेवा आणि वायरच्या बारीक केसासारख्या तारेने चार वेढे देऊन बांधा. ५० मिमीच्या दांड्याचं वरचं टोक चपटं करून त्यात १ मिमीचं भोक पाडा. दांडा कमानीच्या आतल्या बाजूने मध्यावर उभा करा आणि सगळं एकदम सोल्डर करा. बांधलेली तार सोल्डरमध्ये बुडाली की खऱ्या नांगराच्या जोडासारखा जाड गळा आपोआप तयार होतो.

कडीसाठी बारीक तार ३ मिमीच्या खिळ्याभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळा आणि स्प्रिंग उभी कापा. एका गुंडाळीतून दहा-बारा कड्या निघतात. साखळी मात्र घरी करत बसू नका. १२ मिमी जाडीच्या साखळीची कडी साधारण ६ सेंमी लांब असते, म्हणजे आपल्याला ३ मिमीची कडी हवी, आणि तशी साखळी इमिटेशन दागिन्यांच्या दुकानात वीतभर मिळते. सोनेरी असली तरी हरकत नाही, रंग द्यायचाच आहे.

कप्प्या आणि विंच

ट्रॉलरवरच्या मोठ्या कप्प्या लोखंडी असतात. कॉलरची दोन बटणं पाठीला पाठ लावून चिकटवा. बटणाची पाठ कडेला गोलसर असेल तर दोहोंच्या मध्ये दोर बसायला बरोबर खाच तयार होते. बटणाची चार भोकं एम-सीलने बुजवा आणि कडक झाल्यावर मधोमध १.५ मिमीचं भोक पाडा. बाजूच्या पट्ट्या एटीएम कार्डातून कापा, ११ मिमी रुंद, १६ मिमी लांब, दोन्ही टोकं गोल. चार पट्ट्या एकाखाली एक ठेवून टेपने बांधा आणि एकत्रच कानसा, म्हणजे सारख्या होतात. तारेचा तुकडा आस म्हणून घाला, दोन्ही टोकांना सोडा-फेविक्विकचा थेंब. बटण फिरतं राहिलं पाहिजे. फिरणारी कप्पी हाताला लागली की बघणाऱ्याचा चेहरा बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

विंच दिसायला गुंतागुंतीचा, करायला सोपा. स्टीलच्या दोन बॉबिन घ्या. बॉबिनच्या बाजूला भोकं असतील तर कार्डाच्या गोल चकत्या लावून झाका. बांबूची ३ मिमीची काडी दांडा म्हणून चालते, खऱ्या मापात ६ सेंमी. बॉबिनचं भोक त्यापेक्षा मोठं असतं, म्हणून काडीला कागदाची पट्टी फेविकॉल लावून घट्ट गुंडाळत जा, बॉबिन जेमतेम बसेल एवढी. दोन ड्रमच्या बाजूंना आणि मध्ये मिळून तीन उभे आधार कार्डाचे दोन-दोन थर जोडून करा. ब्रेकचा पट्टा म्हणून ड्रमच्या कडेवर कार्डाची २ मिमीची पट्टी वळवून लावा. गरम पाण्यात बुडवली की ती न तुटता वळते.

ड्रमवर गुंडाळलेली असते ती लोखंडी तारेची दोरी, १० ते १२ मिमी जाड. आपल्याला ०.५ ते ०.६ मिमीचा दोरा हवा. पांढरा दोरा घ्या, मेणावरून दोनदा ओढा म्हणजे तूस बसेल, मग ६बी पेन्सिलच्या शिशावरून तीन-चार वेळा ओढा. ग्राफाइट धाग्यात मुरतं आणि ग्रीस लावलेल्या पोलादी दोरीची काळपट चमक येते. रंगाने ती येत नाही, मी बऱ्याच रंगांनी प्रयत्न करून पाहिला. गुंडाळताना वेढ्याशेजारी वेढा लावा, वरचा थर थोडा विस्कटू द्या.

टायर

टायरांबद्दल मला जे शिकायला मिळालं ते एका तांडेलकाकांकडून. पहिल्या प्रतिकृतीवर मी टायर बोटीच्या अंगाला चिकटवून टाकले होते. काकांनी ती हातात घेऊन फिरवून पाहिली आणि म्हणाले, "टायर असा चिकटवतात काय? दोराने टांग. तो हलला पाहिजे, म्हणजे धक्का तो खातो. असा लावलास तर धक्का बोट खाणार." त्या दिवसापासून माझे सगळे टायर दोराने टांगलेले असतात, थोडे तिरके, एकमेकांपेक्षा किंचित खालीवर.

माप इथेही आधी. छोट्या मोटारीचं १२ इंची रिमचं टायर बाहेरून ५० ते ५४ सेंमी भरतं, म्हणजे २५ ते २७ मिमी. स्कूटरचं १० इंची टायर साधारण ४३ सेंमीचं, म्हणजे साडेएकवीस मिमी. खेळण्यातल्या गाड्यांची रबरी टायरं या मापात मिळतात, पण एका गाडीला चार आणि आपल्याला हवेत दहा-बारा. म्हणून एक चांगलं टायर घ्या आणि साचा करा.

साच्यासाठी बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन लागतं, व्हिनेगरसारखा वास येणारं. हातमोजे घाला. एका जुन्या वाटीत सिलिकॉन काढा आणि जवळजवळ तेवढंच पांढरं कॉर्नफ्लॉवर घालून कणकेसारखं मळा. पिठातल्या ओलाव्यामुळे सिलिकॉन आतपर्यंत लवकर घट्ट होतं, नुसतं ठेवलं तर आतलं कित्येक तास चिकट राहतं. टायरला भांडी घासायच्या साबणाचा पातळ हात द्या, मळलेल्या गोळ्यात अर्धं दाबा आणि तासभर थांबा. वरच्या पृष्ठभागाला पुन्हा साबण लावा आणि दुसरा अर्धा गोळा वर दाबा, म्हणजे दोन भागांचा साचा होतो. पहिला भाग मऊ असतानाच त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या बोथट टोकाने दोन खड्डे करून ठेवा, त्यात दुसऱ्या भागाची उंचवटी बसते आणि साचा सरकत नाही. हे सगळं खिडकीजवळ करा, वास उग्र असतो.

एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा, दोरी वळून साच्याच्या दोन्ही अर्ध्या भागांत भरा, साचा मिटवून पुस्तकाखाली ठेवा. तासा-दीड तासात टायर बाहेर येतं. कडेला निघालेला पातळ पापुद्रा ब्लेडने काढा. मोठ्या पाकिटातून दहा-बारा टायर होतात. साच्याची हीच पद्धत बोलार्ड (दोर बांधायचे खुंट), दिव्यांची घरं, खणाच्या झाकणाच्या कड्या, जे जे चारपेक्षा जास्त हवं त्या सगळ्याला चालते.

लाइफबॉय, बोये, जाळं

लाइफबॉयचा, म्हणजे बुडणाऱ्याकडे फेकायच्या तरंगत्या कड्याचा, बाहेरचा व्यास आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ८० सेंमीपेक्षा जास्त नसतो आणि आतलं भोक ४० सेंमीपेक्षा कमी नसतं. ७६ आणि ४४ धरा, म्हणजे ३८ मिमी बाहेर, २२ मिमी आत. जाड पुठ्ठ्याच्या चकत्या कापून ५ मिमी जाडीपर्यंत एकावर एक चिकटवा आणि त्यात पातळ फेविक्विक मुरवा. पुठ्ठा लाकडासारखा कडक होतो आणि कडा पॉलिश पेपरने गोल करता येतात. रंग नारिंगी, त्यावर सारख्या अंतरावर चार ठिकाणी चमकत्या पट्ट्या. खरी पट्टी ५ सेंमी रुंद, आपली अडीच मिमी. चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी छान दिसते.

जाळ्याचे गोल बोये म्हणजे बांगड्यांच्या दुकानातले १० मिमीचे मणी, त्यांना भोकही आयतं असतं. जाळ्याच्या शेवटच्या बारीक भागाला निळी किंवा हिरवी मच्छरदाणी, पुढच्या मोठ्या आसांच्या (जाळीच्या भोकांच्या) भागाला लसणाची जाळीदार पिशवी. पिशवीची आस ४-५ मिमीची असते, म्हणजे ८ ते १० सेंमी, जाळ्याच्या तोंडाकडे अगदी पटणारी. जाळं घडी घालून ठेवू नका. ओलं करून डेकवर ढीग घाला, टोचणीने थोडं दाबा आणि पातळ केलेला फेविकॉल शिंपडून वाळू द्या, म्हणजे वजनाने बसलेलं दिसतं. कोरडं जाळं फुगलेलं राहतं आणि खोटं वाटतं.

दोर

दुकानातला दोरा आणि वळलेला दोर यांत फरक आहे, तो जवळून पाहणाऱ्याला लगेच कळतो. २४ मिमीचा दोर १.२ मिमीचा हवा. तीन सारख्या लांबीचे जाड सुती धागे घ्या, हव्या त्या लांबीच्या दीडपट. तिन्हीची एका बाजूची टोकं एकेका कपड्याच्या चिमट्यात धरा आणि प्रत्येक धागा एकाच दिशेने घट्ट पिळा, ढिला सोडला तर वेटोळं पडेल इतका. मग तिन्ही एकत्र बांधून तो गाठीचा भाग हँड ड्रिलच्या चकमध्ये अडकवा आणि उलट दिशेने फिरवा. तिन्ही धागे आपणहून एकमेकांत गुंफले जातात. कुणीतरी दुसऱ्याने चिमटे ताणून धरायला हवेत, हे काम दोघांचं आहे. शेवटी दोर ताणून ओल्या फडक्याने पुसा आणि रात्रभर ताणलेलाच राहू द्या. रंगीत हवा असेल तर निळा किंवा हिरवा धागाच वापरा, वळल्यावर रंगवलेला दोर कडक काडीसारखा उभा राहतो.

दिवे

३ मिमीचा एलईडी म्हणजे ६ सेंमीचा दिवा. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, प्रत्येक नाकासमोरून आपापल्या बाजूला ११२.५ अंशांत दिसला पाहिजे. म्हणून एलईडीच्या मागे आणि आतल्या बाजूला कार्डाचा काटकोनी आडोसा लावा. २० मीटरखालच्या बोटीला हे दोन्ही एकाच कंदिलात चालतात, ते करायला सोपं. ट्रॉलर जाळं ओढत असेल तर डोलकाठीवर वर हिरवा आणि खाली पांढरा दिवा असतो, इतर प्रकारे मासेमारी करणाऱ्या बोटीवर वर लाल आणि खाली पांढरा. ही जोडी बरोबर लावली तर जाणकार दुरूनच ओळखतो. ६ व्होल्टच्या बॅटरीला प्रत्येक एलईडीसोबत ४७० ओहमचा रेझिस्टर जोडा.

वजन

बोट पाण्यात सोडणार असाल तर हे वाचल्याशिवाय सोडू नका. लांबी २० पट कमी झाली की वजन २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे ८००० पट कमी होतं. २० टनांची बोट अडीच किलोची प्रतिकृती होते. याचा दुसरा अर्थ असा की डेकवर ठेवलेला ५० ग्रॅमचा विंच खऱ्या बोटीवर ४०० किलो झाला. ड्रम आणि खालचे भाग धातूचे चालतील, पण केबिनच्या छपरावर आणि डोलकाठीवर जे जाईल ते बांबू, कार्ड आणि पुठ्ठ्याचंच हवं. सगळे भाग नुसते ठेवून बोट पिंपात तरंगवा आणि बोटाने एका बाजूला दाबून सोडा. झटकन सरळ झाली तर ठीक. सावकाश, आळसावल्यासारखी उठली तर वरचं वजन उतरवा, नाहीतर तळाशी शिसं घाला.

रंग आणि जोडणी

धातूचे भाग व्हिनेगरने पुसा, पाण्याने धुवा, वाळल्यावर बोट न लावता प्राइमर द्या. बोटांच्या तेलावर रंग धरत नाही. निव्वळ काळा रंग कुठेही देऊ नका. टायरला काळ्यात करडा आणि थोडा तपकिरी मिसळा, छोट्या मापावर निव्वळ काळा भोकासारखा दिसतो. सगळे रंग मॅट. गंजासाठी तपकिरी रंगाचा ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि नांगराच्या, विंचच्या कडांवरून हलका फिरवा. कुठे गंजतं ते तुमच्या फोटोंत आहेच. जिथे पाणी साचतं आणि जिथे दोर घासतो, तिथे.

जोडताना आधी डेकच्या मध्यावरचं बसवा, म्हणजे विंच, खणांची झाकणं, केबिन. मग कप्प्या आणि दोर, मग जाळं. 'आयएनडी एमएच' अशी सुरुवात असलेला नोंदणी क्रमांक बोटीच्या अंगावर टायर टांगण्याआधी लिहा, नंतर ब्रश आत जात नाही. टायरांनंतर दिवे, आणि रेलिंग अगदी शेवटी, कारण काम करताना मनगट लागून पहिलं तेच वाकतं. प्रत्येक साच्यातून दोन भाग जास्त काढून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवा आणि डबीवर माप लिहा. पहिल्याच प्रदर्शनात एखादं लहान मूल नांगर हातात घेईल, तेव्हा त्याच्या हातून तो काढून घ्यावा लागणार नाही.